शाळा म्हणते गोळी सुरू करा, घर म्हणतं नको

पत्र

माझा मुलगा तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. येत्या डिसेंबरमध्ये त्याला आठ पूर्ण होतील. फळ्यावरचं कधीच पूर्ण उतरवत नाही, मधेच उठतो, शेजारच्याची वही ओढतो. पेन्सिल, खोडरबर, पाण्याची बाटली दर आठवड्याला हरवते. गृहपाठाला रोज दोन तास जातात आणि शेवटी दोघंही रडतो. मोबाइलवर मात्र तासभर जागचा हलत नाही. इंग्रजी वाचताना अजून अडखळतो. आता वर्गशिक्षिका म्हणाल्या, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचळवळेपणा) असेल, दाखवून घ्या. औषध सुरू केलं नाही तर पुढच्या वर्षी त्याला ठेवून घेऊ की नाही सांगता येत नाही. डॉक्टरांनी दहा मिनिटं बोलून मिथिलफेनिडेटची १० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी एक, अशी लिहून दिली. अजून आणलेली नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही अस्साच होता, मोठेपणी आला ताळ्यावर. नवरा म्हणतो, हे अमेरिकेतल्या औषध कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. सवय लागेल का? उंची खुंटेल का? आणि नाही दिली तर मीच त्याचं नुकसान करतेय का? (रात्री तोंड उघडं टाकून घोरतो. त्याचा याच्याशी संबंध नसेल, पण सगळं सांगावं म्हणून लिहिलं.)

एक आई, नाशिक

उत्तर

ताई, ती कंसातली ओळ लिहिलीत ते फार बरं केलंत. सुरुवात तिथूनच करायला हवी.

रोज घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल किंवा नाकामागचे ॲडेनॉइड वाढलेले असू शकतात. श्वास अडतो, झोप पुन्हा पुन्हा तुटते. अपुऱ्या झोपेनं मोठी माणसं पेंगतात. या वयाची मुलं उलट जास्त चळवळी, चिडकी आणि धरसोड करणारी होतात. वर्गात ते अगदी एडीएचडीसारखं दिसतं. दोन रात्री मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचं चित्रीकरण करा: एक झोप लागल्यावर दोन तासांनी, एक पहाटे चारच्या सुमाराला, कारण पहाटे त्रास बहुधा जास्त असतो. छातीवरचं पांघरूण बाजूला करा, म्हणजे श्वास दिसेल. घोरताना मधेच सगळं शांत होऊन मग दचकल्यासारखा श्वास घेतो का, मानेला घाम येतो का, सकाळी डोकं दुखतं म्हणतो का, हे टिपा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यानं सगळंच सुटेल असं मात्र नाही. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉन्सिल-ॲडेनॉइड काढल्यावर झोप सुधारली, पालकांना वागण्यातही फरक दिसला, पण लक्ष मोजणाऱ्या चाचणीतले गुण फारसे बदलले नाहीत. तरी घोरणं तपासल्याशिवाय मेंदूवर काम करणारं औषध सुरू करणं आम्हाला पटत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: डिसेंबरचा जन्म. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी वयाची अट ३१ डिसेंबरला धरतात. म्हणजे तुमचा मुलगा वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक आहे आणि शेजारी बसणारा जानेवारीतला मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षानं मोठा. साडेसात वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे फार मोठा फरक. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची तारीख हीच, ३१ डिसेंबर. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष आला: जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त प्रमाणात मिळालं आणि औषध ४१ टक्के जास्त. मुलींमध्ये निदानातला फरक ७० टक्के होता. अमेरिकेत जिथं ही तारीख १ सप्टेंबर आहे, तिथं ऑगस्टमधल्या मुलांना सप्टेंबरमधल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त निदान मिळत होतं, असं २०१८ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये जन्मल्यानं कुणाला आजार होत नाही. तिथं कोवळेपणालाच आजार म्हटलं गेलं. म्हणून तपासणाऱ्यांना जन्मतारीख आवर्जून सांगा, आणि 'वर्गातल्या मुलांच्या मानानं' असं न पाहता 'याच्याच वयाच्या मुलांच्या मानानं' पाहायला सांगा. शिक्षिकांनाही हे सांगा. त्या चाळीस-पन्नास मुलांकडे एकदम बघतात, वाढदिवस त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो.

तिसरी गोष्ट वाचनाची. अक्षरं ओळखायलाच जीव मेटाकुटीला येत असेल तर मूल फळ्याकडे किती वेळ बघणार? एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकणं जड जाणं) अनेक मुलांत जोडीनं असतात. कधी फक्त दुसरी असते आणि शिक्का पहिलीचा बसतो. त्यात घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी. घरीच एक साधी पडताळणी करा. एक संध्याकाळ त्याला न वाचलेली मराठी गोष्ट दहा मिनिटं वाचून दाखवा आणि मग त्याच्या शब्दांत सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लांबीची इंग्रजी गोष्ट वाचून दाखवा, तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःला वाचू द्या. मराठी ऐकताना टिकतो आणि इंग्रजी वाचताना पाचव्या ओळीला खुर्चीवरून उतरतो, असं झालं तर अडचण किमान काही अंशी भाषेची किंवा वाचनाची आहे. तिन्ही दिवशी तिसऱ्या मिनिटालाच लक्ष उडालं तर ते वेगळं. हे निदान नव्हे, पण तपासणाऱ्यांना फार उपयोगी पडतं. अध्ययन अक्षमतेची औपचारिक चाचणी आठ वर्षं पूर्ण झाल्यावर करता येते, म्हणजे डिसेंबरनंतर. तीही होऊ द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि प्रमाणपत्र असेल तर पुढे परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. निव्वळ एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात: डोळे, कान, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). मधेच चार-पाच सेकंद एकटक बघत राहतो, हाक मारली तरी कळत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू होतो, असं घडत असेल तर तेही सांगा. तो फिटचा एक प्रकार असू शकतो.

आता नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या म्हणण्याकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

हे खूळ कंपन्यांनी काढलं म्हणावं तर इतिहास आड येतो. लंडनमधले डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन १९०२ मध्ये केलं. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीवर काही उपाय होईल म्हणून मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं आणि अनपेक्षितपणे त्यांचा अभ्यास सुधारलेला पाहिला. मिथिलफेनिडेट १९४४ मध्ये तयार झालं. जाहिरातींचा पूर पुष्कळ नंतरचा. मात्र तो आला आणि त्यानं आकडे फुगवले, ही तक्रार खरी आहे. २००७ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा प्रमाण सुमारे ५.३ टक्के निघालं. अमेरिकेत २०२२ मध्ये ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालेलं होतं. ज्यांच्या नावाची एडीएचडीची प्रश्नावली जगभर वापरली जाते त्या कीथ कॉनर्स यांनीच उतारवयात, २०१३ मध्ये, या वाढीवर जाहीरपणे कडक टीका केली. आपल्याकडे दोन्ही टोकं एकाच शहरात सापडतात. एका दवाखान्यात दहा मिनिटांत गोळी, आणि तिथून दोन गल्ल्या पलीकडे एखादी मुलगी दहावीपर्यंत 'वेंधळी', 'स्वप्नाळू' म्हणून बोलणी खाते. ती उड्या मारत नाही, कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचं लक्ष टिकत नाही हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

'याचा बापही अस्साच होता' हे वाक्य सासूबाई आजार नाही म्हणून सांगतात. तपासणारे ते आजाराच्या बाजूनं लिहून घेतील. एडीएचडी घराण्यातून फार मोठ्या प्रमाणात येतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिक वाटा ७० टक्क्यांच्या वर निघतो. मोठेपणी ताळ्यावर येणं हेही खरं असतं, कारण वयानुसार धावपळ कमी होते. विसराळूपणा, कामं अर्धवट टाकणं, वेळेचा अंदाज चुकणं हे बऱ्याच जणांत राहतं. सासूबाईंना दोष न देता विचारा: तो किती वर्षांचा असताना शांत झाला, शाळेत किती मार खाल्ला, कशामुळे सुधारला? त्या उत्तरांतून तुम्हाला मुलाबद्दलही कळेल.

निदान कसं व्हायला हवं, हे नीट सांगणं जरुरीचं आहे, कारण तिथंच तुमच्या बाबतीत घाई झाली. लक्षणं अठरा आहेत: नऊ लक्ष न लागण्याची, नऊ चळवळेपणा आणि उतावळेपणाची. यांपैकी कोणत्याही एका गटातली किमान सहा, सहा महिन्यांहून अधिक काळ, वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात हवीत. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. ती किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे फक्त शाळेत किंवा फक्त घरी असून चालत नाही. त्यांनी मुलाचं रोजचं जगणं अडायला हवं. आणि दुसऱ्या कशानं त्यांचा नीट उलगडा होता कामा नये. ही शेवटची अट दहा मिनिटांत तपासून होत नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे बालरोगतज्ज्ञ गाठा. साधारण दोन-तीन भेटी लागतात. ते प्रश्नावल्या देतील. व्हँडरबिल्ट नावाची एक सर्रास वापरली जाते, पालकांसाठी ५५ प्रश्नांची आणि शिक्षकांसाठी ४३ प्रश्नांची. 'कधीच नाही'ला शून्य, 'फार वेळा'ला तीन. दोन किंवा तीन मिळालेली लक्षणंच मोजायची. तुम्ही आणि नवऱ्यानं वेगवेगळी भरा, एकमेकांना न विचारता. शिक्षिकेची दोन जणांकडून भरून घ्या: वर्गशिक्षिका आणि चित्रकला किंवा खेळाचे शिक्षक. दोघांच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर असेल तर तीच माहिती. ६ ते ९ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी इन्क्लेन संस्थेनं तयार केलेलं साधनही आहे, ते वापरतात का विचारा. सोबत पहिलीपासूनच्या वह्या न्या, प्रगतिपुस्तकं न्या. एकाच पानावर अक्षर वरून खाली कसं बिघडत जातं ते वहीत दिसतं. बोलून सांगता येत नाही.

रक्ततपासणी, एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) यांनी एडीएचडी ठरत नाही. ते फिट किंवा इतर शंका दूर करायला असतात. 'ब्रेन मॅपिंग' करून रंगीत चित्र हातात देणाऱ्या महागड्या पॅकेजवर पैसे घालू नका.

मोबाइलवर तासभर बसतो म्हणजे लक्ष आहे, फक्त आळस आहे, हा समज काढून टाका. खेळात दर काही सेकंदांनी बक्षीस, आवाज, नवं चित्र मिळतं. ज्यातून लगेच काही मिळत नाही त्यावर मन टिकवणं, तेच या मुलांना जड जातं. मोबाइलवर टिकतो यावरून एडीएचडी आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही नाही.

धरून चालू की सगळं तपासूनही निदान टिकलं. मग गोळी?

निदान आणि गोळी हे दोन वेगळे निर्णय आहेत. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांवरच्या मुलांना औषध देण्याआधी घर-शाळेतले बदल करून बघायला सांगितलंय. त्यानंतरही घर, शाळा, मित्र यांपैकी एखाद्या ठिकाणी ठळक नुकसान होत राहिलं तरच औषध. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१९ चं मत जरा वेगळं: सहा वर्षांपुढं औषध आणि वर्तनोपचार (सूचना, कौतुक, बक्षीस यांची पद्धत बदलून वागणं सुधारणं) दोन्ही हातात हात घालून. तज्ज्ञांत मतभेद आहेत ते असे, क्रमाचे आणि तीव्रतेचे. औषध काम करतं की नाही यावर एवढा वाद नाही.

ते काम करतं, पण किती दिवस आणि कशावर, हे बघा. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट केले होते: काटेकोर औषधोपचार, फक्त वर्तनोपचार, दोन्ही, आणि बाहेरचे नेहमीचे उपचार. चौदा महिन्यांनी मूळ लक्षणांवर औषधाचे दोन गट पुढे होते. दोन्ही उपचार घेणाऱ्यांना कमी डोस पुरला. नेहमीच्या उपचारांतल्या बहुतेक मुलांनाही औषध मिळतच होतं, तरी ती मागे राहिली. काटेकोर गटात दरमहा भेट होती, डोस बघून-बघून ठरवला जात होता, शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती. फरक त्या देखरेखीचा होता. तीन वर्षांनी मात्र चारही गट सारखे झाले. २०१५ मध्ये १८५ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संशोधकांच्या गटानं शिक्षकांच्या नोंदींत सुधारणा मान्य केली, पण पुरावा कमी दर्जाचा ठरवला. चाचणीत काही मुलांना खरी तर काहींना खोटी गोळी देतात, पण भूक मंदावली की कुणाला खरं औषध मिळतंय ते घरच्यांना ओळखू येतं आणि मतं झुकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ आणि २०२१ मध्ये हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घ्यायला नकार दिला, त्यात दीर्घकालीन पुराव्याची उणीव हे एक कारण होतं.

या सगळ्यातून आमचं मत असं: पक्क्या निदानाच्या आणि शाळेत खरोखर बुडणाऱ्या मुलाला ही गोळी नाकारणं त्याच्यावर अन्याय आहे. उपचार न मिळालेल्या मुलांत अपघात, अर्धवट शाळा आणि सततच्या बोलण्यांनी आलेली खचलेली मनं जास्त दिसतात. पण गोळी द्यायची तर मोजून, नोंद ठेवून, एक चाचणी म्हणून. बरं वाटतंय म्हणून अंदाजानं चालू ठेवायची नाही.

ती चाचणी अशी करतात. आधी डॉक्टरांनी उंची, वजन, नाडी आणि मुलांच्या पट्ट्यानं रक्तदाब मोजून लिहायला हवा. घरात कुणाचा चाळिशीच्या आत अचानक मृत्यू झालाय का, मुलाला खेळताना चक्कर, छातीत दुखणं, जन्मतः हृदयाचा दोष आहे का, हे विचारायला हवं. उत्तर 'हो' असेल तर आधी हृदयतज्ज्ञ. यातलं काही झालं नसेल तर तेवढ्यासाठी तरी परत जा.

मग चिठ्ठीवर गोळी साधी आहे की 'एसआर' ते वाचा. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. साडेसातच्या शाळेत अकराला तिचा असर संपतो, म्हणून अनेकदा दुपारी दुसरा डोस लागतो. एसआर म्हणजे हळू सुटणारी, ती साधारण सहा-आठ तास पुरते. ती चावायची, चुरायची किंवा दुधात विरघळवायची नाही, सगळा डोस एकदम बाहेर पडतो. साध्या गोळीची सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमपासून करून दर आठवड्याला ५ नं वाढवत नेतात. तुमच्या चिठ्ठीतला आकडा घातक नाही, पण कमीपासून का सुरू करू नये, असं विचारा. डोस शिक्षिकेच्या आठवडाभराच्या नोंदी बघून ठरवतात. चार आठवडे पुरतात. शिक्षिकांनी दर शुक्रवारी तीच छोटी प्रश्नावली भरावी, डोस कधी वाढला हे त्यांना न सांगता. महिन्यानं चारही कागद शेजारी ठेवा. फरक दिसत नसेल तर औषध चालू ठेवायला कारण नाही.

काय बिघडतं? सगळ्यात आधी भूक. डबा अर्धा परत येईल. म्हणून नाश्ता गोळीच्या आधी आणि भरपूर: अंडं, शेंगदाणे घातलेले पोहे, दूध. संध्याकाळी भूक उसळते, तेव्हा जेवणाला नको म्हणून अडवू नका; रात्री झोपण्याआधी लाडू-दूधही चालेल. झोप उशिरा लागत असेल तर दुपारचा डोस उशिरा होतोय का बघा, तीन-चारनंतर नको. संध्याकाळी औषध उतरताना तास-दीड तास चिडचिड, रडारड होते, त्या वेळेत गृहपाठ काढू नका. डोकं आणि पोट दुखणं बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतलं. मूल गप्प, निर्विकार, स्वतःत मिटल्यासारखं झालं तर 'किती शहाणा झाला' म्हणून खूश होऊ नका. डोस जास्त झालाय, कमी करायला सांगा. डोळे-मान झटकण्याची नवी सवय, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, छातीत दुखणं, खेळताना भोवळ: गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

उंचीबद्दलची तुमची भीती निराधार नाही. वर सांगितलेल्या ५७९ मुलांच्या अभ्यासात नियमित औषध घेणारी मुलं तीन वर्षांत सुमारे २ सेंटिमीटर मागे राहिली. पौगंडावस्थेभर सलग घेणाऱ्यांत मोठेपणीही दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक दिसला. म्हणून दर तीन महिन्यांनी वजन, सहा महिन्यांनी उंची, नाडी आणि रक्तदाब मोजा, आणि उंची-वजन भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यावर मांडा. रेघ खाली सरकायला लागली तर सुट्टीत गोळी थांबवायची की औषध बदलायचं, ते ठरवता येतं. वर्षातून एकदा, परीक्षा आणि शाळेचे पहिले आठवडे टाळून, औषध थांबवून गरज उरलीय का हे बघायला हवं. हे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलं नाही तर तुम्ही सुचवा.

सवय लागण्याचं म्हणाल, तर लिहून दिलेल्या डोसमध्ये तोंडानं घेणाऱ्या मुलांत पुढे व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. गोळीचा गैरवापर मात्र होतो, झोप टाळायला मोठी मुलं ती मागतात. म्हणून कुलपात ठेवा, शाळेच्या दप्तरात देऊ नका. कायद्यानं हे औषध परिशिष्ट एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) आणि अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. त्यामुळे ते सगळ्या दुकानांत मिळत नाही, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदार ठेवून घेतो. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून घाबरू नका, आणि 'चिठ्ठीशिवाय देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

दुसरा पर्याय ॲटॉमॉक्सेटिन. हे मिथिलफेनिडेटसारखं उत्तेजक नाही, चोवीस तास काम करतं, पण पूर्ण असर यायला चार ते सहा आठवडे लागतात. उपाशीपोटी दिलं तर मळमळतं. कॅप्सूल उघडून द्यायची नाही. क्वचित काविळीसारखी लक्षणं किंवा निराशेचे, स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ शकतात, त्यावर नजर हवी. अंगठा-तर्जनी झटकणं, डोळे मिचकावणं अशा सवयी आधीपासून असतील किंवा मिथिलफेनिडेट सोसत नसेल तर हे बघतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, सुवर्णप्राशन सुरू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. भस्म असलेल्या काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि शिसं तर मुलांचं लक्ष आणखी बिघडवतं. साखरेनं मुलं उधळतात हे मात्र चाचण्यांत टिकलेलं नाही, गोड बंद करून घरात नवं भांडण काढू नका.

निदान होवो न होवो, आजपासून करण्यासारखं बरंच आहे. स्वयंपाकघरातून 'आवर, दप्तर भर, मोजे घाल, डबा घे' असं ओरडू नका. चारपैकी शेवटचंच त्याच्यापर्यंत पोचतं. जवळ जा, हाताच्या अंतरावर उभ्या राहा, नाव घ्या, एकच काम सांगा, पाच सेकंद थांबा. झालं की लगेच, नेमकं कौतुक: 'सांगितल्याबरोबर दप्तर भरलंस.' गृहपाठ बारा मिनिटं, मग पाच मिनिटं उड्या, पुन्हा बारा. असे तीन फेरे, बस्स. उरलेलं राहू द्या आणि डायरीत लिहा, 'छत्तीस मिनिटं बसला.' दोन तासांच्या रडारडीतून तो इंग्रजी शिकत नाही, अभ्यासाची धास्ती मात्र घेतो. झोप नऊ तासांच्या खाली नको. आणि रोज पंधरा मिनिटं त्याच्या मर्जीचा खेळ, ज्यात तुम्ही काही शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत.

शाळेत रोजचं एक छोटं कार्ड सुरू करायला सांगा. तीनच ओळी: फळ्यावरचं अर्ध्याहून जास्त उतरवलं, न विचारता दोनपेक्षा जास्त वेळा उठला नाही, वही-पेन्सिल दप्तरात परत गेली. प्रत्येक तासाला बरोबर किंवा फुली. सुरुवातीला निम्म्या खुणा बरोबर आल्या तरी जिंकला, आणि बक्षीस त्याच संध्याकाळी: गच्चीवर बाबांबरोबर वीस मिनिटं क्रिकेट. बाबांना यात घेण्याचा हा सगळ्यात सोपा मार्गही आहे. हे फसतं ते बक्षीस रविवारवर ढकलल्यानं, पहिल्याच दिवशी पूर्ण गुण मागितल्यानं, किंवा मिळवलेली खूण संध्याकाळच्या चुकीसाठी खोडल्यानं. वर्तनोपचारानं मूळ लक्षणं औषधाइतकी कमी होत नाहीत, ही अपेक्षा आधीच ठेवा. भांडणं, मार, आईची दमछाक मात्र नक्की कमी होते. जागा पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून लांब. वर्गात उठण्याची मुभा हवी असेल तर त्याला फळा पुसायचं काम द्यावं.

औषध नाही तर प्रवेश नाही, असं शाळेला म्हणता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ नुसार मारायला किंवा मानसिक छळ करायला मनाई आहे, तसं करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, तेवढं तपासा. पण कायद्यानं सुरुवात करू नका. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: तपासणी सुरू आहे, सहा आठवड्यांत अहवाल देऊ, तोवर प्रश्नावली आणि कार्डासाठी सहकार्य हवं. पोच घ्या. औषध द्यायचं की नाही हा निर्णय पालकांचा आणि डॉक्टरांचा, हे वाक्य त्यात नम्रपणे पण असू द्या.

म्हणून ताई, गोळी आज आणू नका, पण चिठ्ठी फाडूही नका. पुढचे सहा आठवडे घोरणं, कान-डोळे-रक्त, दोन शिक्षकांच्या प्रश्नावल्या आणि नीट तपासणी यांना द्या. मराठी-इंग्रजी गोष्टींची पडताळणी याच आठवड्यात होईल. सहा आठवड्यांनी निदान टिकलं आणि कार्ड-बदल करूनही तो वर्गात बुडतच असला, तर गोळीची चार आठवड्यांची चाचणी करा, अपराधी न वाटू देता. आणि उन्हाळ्यापर्यंत नुसतं 'बघू' म्हणत राहू नका.

गोळी सुरू झाली तर त्याच्यापासून लपवू नका, चॉकलेट किंवा टॉनिक म्हणून देऊ नका. 'ही गोळी तुला शहाणा करत नाही, शहाणा तू आहेसच. फळ्यावरचं शेवटपर्यंत बघायला थोडी मदत करते. पोटात कसंतरी झालं किंवा आवडलं नाही तर मला सांगायचं,' एवढं बोला. आणि त्यानं कधी दंगा केला तर 'आज गोळी घेतली नाहीस का?' हे घरातल्या कुणीच, सासूबाईंनीही आणि शाळेतल्या बाईंनीही, त्याला कधी विचारायचं नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.